मुलगी फार प्रश्न विचारते!

विवाहासाठी स्थळ पाहण्याचे जे शास्त्र आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत रूढ झाले आहे, त्यात माणसाची सर्व बाजूंनी चौकशी होते. त्याच्या बुद्धीची तेवढी होत नाही. मुलाची वाडी किती गुंठे, घर स्वतःचे की भावांत वाटणी व्हावयाची आहे, नोकरी कायमची की कंत्राटी, मुलीचा रंग कसा, उंची किती, पगार किती आणि तो माहेरी जातो काय, हे सारे विचारले जाते. सामवेदी की वाडवळ, हेही अजून हळू आवाजात विचारले जाते. पूर्वी ही माहिती एखाद्या मध्यस्थ बाईंच्या तोंडून कळावयाची. आता ती 'बायोडेटा' ह्या नावाने मोबाइलवर येते, एवढाच काय तो फरक. त्या कागदावर 'छंद' म्हणून एक ओळ असते. तिच्यात 'वाचन, संगीत, प्रवास' हे तीन शब्द इतक्या नियमाने येतात की, ते कोऱ्या कागदावर आधीपासूनच छापलेले असावेत अशी शंका यावी. काय वाचले, हे कोणी विचारीत नाही.

हे अज्ञान म्हणून सोडून देता आले असते. परंतु गेल्या काही वर्षांत एक वाक्य आम्ही निरनिराळ्या घरांतून ऐकले आणि त्याने आम्हांस लेखणी उचलावयास लावले. 'फादर, मुलगी गुणाची आहे हो, पण फार प्रश्न विचारते!' ज्या मुलीविषयी हे अलीकडे म्हटले गेले, ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तिला पाहावयास आलेला मुलगा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या घडविणाऱ्या यंत्रावर काम करतो. चहा-पोह्यांच्या वेळी त्या मुलीने त्याला विचारले, ते यंत्र चालते तरी कसे? मुलगा सांगू लागला. प्लास्टिकचे दाणे कसे वितळतात, साच्यात कोणत्या दाबाने जातात, थंड होण्याआधी साचा उघडला तर बादली कशी वाकडी होते, हे त्याने वीस मिनिटे सांगितले. 'नऊ वर्षे नोकरी करतो आहे, फादर, पण घरात आजवर कोणी विचारले नव्हते,' असे तो आम्हांस म्हणाला. त्याला ती मुलगी मनापासून आवडली होती. त्याच्या वडीलधाऱ्यांनी नकार कळविला. कारण वर दिलेच आहे.

ह्या नकाराविरुद्ध आमची तक्रार आहे. ती केवळ एका मुलीच्या वतीने नाही. दुसऱ्याच्या बुद्धीने, त्याच्या जाणण्याच्या भुकेने ओढले जाणे ही काहीतरी पुस्तकी, परकी, संसाराला निरुपयोगी गोष्ट आहे, असा जो समज आमच्या घराघरांत ठाण मांडून बसला आहे, त्याविरुद्ध ती आहे. आमचे म्हणणे असे की, ही ओढ खऱ्या प्रीतीचाच एक उगम आहे. रूपाने मन वेधले जाते आणि सद्गुणाने आदर वाटतो. परंतु जो मनुष्य जगाकडे पाहून 'असे का?' म्हणतो, त्याच्या शेजारी बसावेसे वाटते, आणि आपल्यालाही पूर्वी न सुचलेले काही सुचू लागते. ही ओढ ज्याला कधीच जाणवली नाही, त्याची आम्हांस कीव येते. ज्याला ती जाणवली आणि वडीलधाऱ्यांच्या भयाने जो ती गिळून बसला, त्याच्यासाठी हा लेख.

आमच्या काही धर्मशील वाचकांचा आक्षेप आम्हांस आधीच ऐकू येत आहे. कुतूहल हे पाप नाही काय? संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात कुतूहलाला डोळ्यांची वासना म्हटलेले नाही काय? म्हटले आहे. फाटलेले प्रेत पाहावयास धावणारी गर्दी त्याने उदाहरणादाखल दिली आहे. पाल माशी पकडीत असेल तर तेथेही आपले लक्ष जाते, अशी कबुली त्याने स्वतःविषयी दिली आहे. (पालीच्या बाबतीत संत स्वतःवर जरा अधिकच कठोर झाले, असे आमचे नम्र मत.) पण त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात, एका जिवलग मित्राच्या मृत्यूनंतर आपल्याला कशाने सावरले, ते त्याने लिहिले आहे. सोबत्यांशी गप्पा, एकत्र केलेले वाचन, राग न धरता घातलेले वाद, कधी मी शिकवावे तर कधी त्यांनी! हा कुतूहलाच्या सोबतीचा गौरव नाही तर काय आहे?

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तर हा गुंता साफ उलगडून ठेवला आहे. 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात १६६वा आणि १६७वा हे दोन प्रश्न लागोपाठ येतात. पहिल्यात जाणण्याच्या निष्ठेला, अभ्यासूपणाला, त्यांनी सद्गुण म्हटले आहे. दुसऱ्यात चोंबड्या कुतूहलाला दुर्गुण. मिरविण्यासाठी मिळविलेले ज्ञान, पाप करण्यासाठी मिळविलेले ज्ञान, आणि शेजाऱ्याला खाली पाहावयास लावण्यासाठी त्याच्या वागणुकीची केलेली टेहळणी ही त्या दुर्गुणाची रूपे. आता आपण आपल्या धर्मग्रामाकडे पाहू. कोणाची मुलगी कोणत्या गाडीने कोणाबरोबर आली, कोणाच्या घरी भांडण झाले, कोणी जमीन केवढ्याला विकली, ह्याची खडान्‌खडा माहिती आम्हां सर्वांना असते. आणि आकाश निळे का, बायबलमध्ये चार शुभवर्तमाने का, आपल्या सामवेदी बोलीत अमुक शब्द आला कोठून, हे विचारणाऱ्याला आम्ही 'आगाऊ' म्हणतो. थॉमस ज्याला दुर्गुण म्हणतात तो आमच्या ओट्यावर पाय पसरून बसला आहे, आणि ज्याला सद्गुण म्हणतात त्याला आम्ही पाहुण्यांसमोर गप्प बसावयास सांगतो!

कुतूहल हे सरसकट पाप असते, तर ज्या भाषेत हे त्रैमासिक निघते त्या भाषेतला आमचा पहिला मोठा ग्रंथही झाला नसता. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांनी येथल्या लोकांची भाषा नुसती कामापुरती शिकली नाही. ते तिच्या प्रेमात पडले. १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'तील दहा हजारांहून अधिक ओव्या केवळ कर्तव्यबुद्धीने कोणी रचू शकेल, ह्यावर आमचा विश्वास नाही.

विवाहाकडे वळण्यापूर्वी एक उदाहरण मठातले. आविलाच्या संत तेरेजेने आपल्या आत्मचरित्रात एक गोष्ट स्पष्ट नोंदविली आहे. अर्धवट शिकलेल्या कबुलीगुरूंनी तिच्या आत्म्याचे फार नुकसान केले. खऱ्या विद्वानाने तिला कधी चुकीच्या वाटेने नेले नाही. भक्तिमान पण अडाणी गुरूपेक्षा तिला विद्वान गुरू हवा असे. ही निवड करणारी स्त्री स्वतः प्रार्थनेत रमणारी, गूढानुभव घेणारी होती, हे विसरू नये. १५६७ साली मेदिना देल काम्पो ह्या गावी तिला एक ठेंगणासा, नुकतीच गुरुदीक्षा झालेला कार्मेलाइट भेटला. ती बावन्न वर्षांची, तो पंचवीसचा. तो आपला संघ सोडून अधिक एकान्ताच्या संघात जाण्याच्या विचारात होता. तिने त्याच्यातले तेज ओळखले व त्याला आपल्या कामासाठी मागून घेतले. तेच पुढे क्रुसाचे संत योहान. त्या भेटीत वय, रूप, कूळ ह्यांपैकी काहीही आड आले नाही वा कामी आले नाही. १९७० साली पोप पॉल सहावे ह्यांनी तेरेजेला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. आमच्याकडे तिचे स्थळ आले असते तर काय निरोप गेला असता, हे सांगावयास नको.

आता संसारी माणसांकडे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात राईसा नावाची एक मुलगी विज्ञान शिकत होती. ती रशियातील ज्यू कुटुंबातली. दहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर फ्रान्सला आलेली. एके दिवशी एक विद्यार्थी तिच्याजवळ आला. झारच्या राज्यात विद्यार्थ्यांचा छळ होत होता. त्याच्या निषेधासाठी तो नावे गोळा करीत होता. त्याचे नाव जाक मारिताँ. त्यांच्या ओळखीचा आरंभ असा एका कागदाने झाला. त्यानंतर ती दोघे वर्ग सुटल्यावर बोलत बोलत घरी जाऊ लागली, आणि घर आले तरी बोलणे संपेना. काय बोलत होती? सत्य असे काही आहे काय? असल्यास ते आपल्याला कळू शकते काय? त्यांच्या प्राध्यापकांपाशी ह्याचे उत्तर नव्हते. शेवटी एका उन्हाळ्यात, पॅरिसच्या वनस्पतिउद्यानात फिरताना, त्या दोघांनी ठरविले की, आणखी थोडा काळ शोधावयाचे, आणि जगण्याला अर्थ सापडलाच नाही तर जगावयाचे नाही. हा निश्चय भयंकर होता. ख्रिस्ती शिकवणुकीला तो मान्य नाही, आणि आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. परंतु विशीतल्या दोन जिवांना प्रश्नाची किती तहान लागू शकते, हे त्यावरून कळावे. शार्ल पेगी ह्या मित्राने त्यांना रस्त्यापलीकडच्या कोलेज द फ्रान्समध्ये हेन्री बर्गसाँ ह्या तत्त्वज्ञाच्या व्याख्यानांना नेले, आणि तेथे आशेची पहिली फट उघडली. १९०४ साली त्यांनी लग्न केले. पुढच्या वर्षी लेआँ ब्ल्वा ह्या दरिद्री, तापट, विलक्षण कॅथोलिक लेखकाची गाठ पडली. आणि ११ जून १९०६ रोजी दोघांचा बाप्तिस्मा झाला. राईसाची बहीण व्हेरा हिचाही त्याच दिवशी झाला.

येथे एक बाब वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. ती दोघे धार्मिक होती म्हणून एकत्र आली नाहीत. ती एकमेकांच्या प्रश्नांमुळे एकत्र आली आणि त्या प्रश्नांनी त्यांना बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत आणले. 'फार प्रश्न विचारल्याने श्रद्धा जाते' असे जे म्हणतात, त्यांनी ह्या जोडप्याचे काय करावयाचे ते सांगावे. पुढे त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. तो त्यांचा खास मार्ग होता, सर्वांसाठी नव्हे, आणि आमच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. जाक हे विसाव्या शतकातले मोठे कॅथोलिक तत्त्वज्ञ झाले. राईसाने आपल्या आठवणींचे जे पुस्तक लिहिले, त्याला नाव दिले 'थोर मैत्री'. ८ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची सांगता झाली, तेव्हा जगातील विचारवंतांसाठीचा संदेश पोप पॉल सहावे ह्यांनी वृद्ध जाक मारिताँ ह्यांच्या हाती दिला. राईसा १९६० सालीच गेली होती.

'हे पॅरिसचे झाले, आमच्याकडे आईबापच लग्ने ठरवितात' असे कोणी म्हणेल. ठरवोत की! ठरवून केलेल्या लग्नांशी आमचे वैर नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न १८८० साली बालपणीच, त्यांना कोणी न विचारता झाले. वरही साधासुधा नव्हता. लहरी, विसरभोळा, कधी घर सोडून निघून जाणारा. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दोघांत मोठी दरी पडली, आणि पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने तो घेतला तेव्हा ती बुजली. तरीही 'स्मृतिचित्रे' वाचून पाहा. त्या पुस्तकात पतीची पूजा नाही आणि तक्रारही नाही. एका तल्लख बाईने एका तल्लख माणसाकडे आयुष्यभर टक लावून पाहिले आहे, हसत हसत. टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर अपुरे राहिले; त्याचा बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या मुलीला लग्नाच्या वेळी अक्षरओळखही धड नव्हती, तिने! हे टिळक दांपत्य आमच्या पंथाचे नव्हते म्हणून आमच्या घरांत त्यांचे पुस्तक क्वचित दिसते, ही आणखी एक लाजेची गोष्ट.

मात्र आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. बुद्धी म्हणजे पदवी नव्हे. 'आमच्या मुलाला इंजिनिअरच मुलगी हवी' असे म्हणणारे लोक बुद्धीवर भाळलेले नसतात. ते पगाराच्या पावतीवर भाळलेले असतात. इंग्रजी फाडफाड बोलणे ही बुद्धी नव्हे, आणि चारचौघांत दुसऱ्याला निरुत्तर करणे ही तर मुळीच नव्हे. आमच्या धर्मग्रामात एक आजी आहेत. शाळेत दुसरीच्या पुढे गेल्या नाहीत. कोणत्या तिथीला भरती किती वाजता लागेल हे त्या बोटांवर मोजून सांगतात, आणि आपला हिशोब चुकला तर का चुकला ह्याचा दिवसभर विचार करतात. त्यांचे यजमान हयात असताना संध्याकाळी दोघे खाडीच्या कडेला बसून ह्याच गोष्टीवर वाद घालीत, असे त्यांच्या सुना सांगतात. आम्हांस अभिप्रेत असलेली बुद्धी ती ही. जिला आपण चुकू शकतो हे ठाऊक असते, आणि त्यात जिला गंमत वाटते.

दुसरी भीती अधिक नाजूक आहे, आणि ती बोलली जात नाही म्हणून आम्हीच बोलतो. विवाहित माणूस कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच कोणाच्या बुद्धीकडे ओढला गेला तर? असे होते. आमच्या दाराशी अशी माणसे आली आहेत आणि त्यांची वेदना खोटी नव्हती. निष्ठेचे वचन देहाइतकेच मनालाही बांधते, ह्यात आम्ही कोणतीही सवलत देत नाही. परंतु अशा घरांत आधी काय घडले होते, ते पाहिले तर बहुधा एकच दृश्य दिसते. नवरा-बायको पंधरा वर्षे वीजबिल, शाळेची फी, भाजी आणि पाहुणे ह्यांविषयीच बोलत आली. तिने एकदा वर्तमानपत्रातले काही वाचून दाखविले तर तो म्हणाला, 'तुला काय करावयाचे आहे त्याच्याशी?' त्याने एकदा नव्या कामाची अडचण सांगितली तर तिने टीव्हीचा आवाज वाढविला. मग दहा वर्षांनी बाहेरचे कोणीतरी म्हणते, 'अरे वा, पुढे काय झाले?' आणि तेवढ्या चार शब्दांनी घर हादरते. मनाला घरात कुलूप लावून हा धोका टळत नाही. तो त्यानेच वाढतो.

'मग रूपाला काहीच किंमत नाही काय?' आहे. देहाला तुच्छ लेखणे ही ख्रिस्ती शिकवणूक नव्हे. ज्या बायबलमध्ये गीतरत्न आहे ते हाती धरून आम्ही असे कसे म्हणू? पण ख्रिस्तसभेने विवाहाविषयी काय म्हटले आहे, तेही पाहावे. १९१७च्या धर्मविधीसंहितेत अपत्यांचा जन्म व संगोपन हा विवाहाचा प्रमुख हेतू म्हणून नोंदविला होता. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विवाहाचे वर्णन जीवनाची व प्रीतीची जवळीक असे केले. आणि १९८३च्या संहितेने, कलम १०५५मध्ये, संपूर्ण जीवनाची भागीदारी हे शब्द वापरून पतिपत्नींचे कल्याण अपत्यांच्याही आधी लिहिले. संपूर्ण जीवनाची! तिच्यातून डोके वगळावे अशी तळटीप आम्हांस तरी त्या संहितेत सापडली नाही.

वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्ही सर्वांनी छाती फुगविली. ते योग्यच होते. पण ज्या घरांनी तेव्हा त्यांच्या छायाचित्रासह शुभेच्छा पाठविल्या, त्याच घरांत वाचीत बसलेल्या मुलीला 'पुस्तकाने पोट भरणार आहे काय?' असे विचारले जाते. मुलग्यांचे तर त्याहून वाईट. त्यांनी वाचावे अशी अपेक्षाच उरली नाही. त्यामुळे आमच्या कितीतरी विचारी मुली बोलावयास कोणी नाही म्हणून एकाकी आहेत. आणि दोष कोणाला? तर त्यांच्या शिक्षणाला!

विवाहपूर्व चौकशीच्या वेळी वर व वधू ह्यांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारावे लागतात. जबरदस्ती नाही ना, पूर्वी विवाह झालेला नाही ना, इत्यादी. त्या अर्जाच्या शेवटी अलीकडे आम्ही आमचा एक प्रश्न तोंडी विचारतो: तुमच्या जोडीदाराला सध्या कशाचे कुतूहल आहे? बहुतेक जण गोंधळतात. 'तिला चायनीज आवडते, फादर,' असे उत्तर मिळते. 'त्याला गाड्यांचे वेड आहे,' असेही मिळते, आणि ते निदान आरंभ म्हणून चालण्यासारखे आहे. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने मात्र क्षणभरही न थांबता सांगितले, 'आमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ होते आणि पलीकडच्या आळीतल्या विहिरीचे का होत नाही, हे तिला जाणून घ्यायचे आहे. दोन रविवार मिस्सा आटोपल्यावर आम्ही दोघे स्कूटरवरून फिरलो, फादर. अकरा विहिरींचे पाणी चाखले.'

'मग सापडले काय कारण?' आम्ही विचारले.

'नाही. ती म्हणते, पावसाळ्यानंतर सगळे पुन्हा चाखावे लागेल.'